लुसितानी देवता : नावांचा पुरावा आणि अर्थांची जुळवणी

प्रस्तावना :
इबेरियन द्वीपकल्पाच्या पश्चिम भागात, मुख्यतः दोरू व टॅगस या नद्यांच्या दरम्यान राहणाऱ्या प्राचीन समाजास लुसितानी असे म्हटले जाते. रोमन सत्तेशी दीर्घकाळ लढलेल्या आणि इ. स. पू. १३९ मध्ये मारल्या गेलेल्या विरिआथुसमुळे हा समाज इतिहासात परिचित झाला. त्याच्या धर्मश्रद्धांविषयीच्या लेखनात मात्र देवतांच्या तयार याद्या आढळतात : एन्दोवेल्लिकुस हा आरोग्याचा देव, आताइसिना ही पाताळाची देवी, नाबिया ही नद्यांची देवी. या याद्या कोणत्या पुराव्यावर उभ्या आहेत याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पुराव्याचे स्वरूप :
लुसितानी लोकांचा एकही धर्मग्रंथ वा पुराणकथा उपलब्ध नाही. समकालीन वर्णनासाठी अभ्यासक ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोकडे वळतात. लुसितानी लोक बळीची आतडी न कापता पाहतात, युद्धकैद्यांवरून भविष्य वर्तवतात, त्यांचे उजवे हात तोडून देवांना वाहतात, असे तो आपल्या भूगोलाच्या तिसऱ्या खंडात सांगतो. परंतु स्ट्रेबोने इबेरियाचा प्रवास केलेला नव्हता. त्याची माहिती पोसिदोनिउस आदी पूर्वसुरींवर आधारलेली होती. जिंकलेल्या लोकांना रानटी ठरविणे आणि रोमन सत्तेमुळे ते सुधारले असे दाखविणे ही त्याच्या कथनाची दिशा आहे. त्यामुळे हे वर्णन दुर्लक्षिता येत नाही, तसेच ते प्रत्यक्ष साक्ष म्हणूनही स्वीकारता येत नाही.

दुसरा आणि अधिक भक्कम पुरावा शिलालेखांचा आहे. तो रोमन काळातील असून रोमन लिपीत आहे. बहुतेक लेख लॅटिन भाषेत आहेत. लुसितानी भाषेतील लेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. म्हणजे लुसितानी देव आपल्यासमोर येतात तेच रोमन रीतीने नवस फेडणाऱ्या भक्तांच्या हातून.

व्हास्कोन्सेलुश यांचे कार्य आणि मर्यादा :
या विषयाचा पाया जुझे लैते द व्हास्कोन्सेलुश (१८५८–१९४१) यांनी घातला. त्यांचा ‘रेलिजिओइंश दा लुसितानिआ’ हा त्रिखंडात्मक ग्रंथ १८९७, १९०५ व १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. विखुरलेले शिलालेख एकत्र करून ते वाचण्याची त्यांची शिस्त आजही आदर्शवत आहे. शीर्षकातील ‘धर्म’ या शब्दाचे अनेकवचन आणि मुख्यतः पोर्तुगालशी संबंधित भागाचा विचार करीत असल्याचा उपशीर्षकातील निर्देश त्यांच्या सावधपणाची साक्ष देतात.

तरीही ‘लुसितानिआ’ या नावातच एक अडचण दडलेली आहे. ऑगस्टसच्या काळात निर्माण झालेल्या रोमन प्रांताचे हे नाव आहे. हा प्रांत लुसितानी लोकांच्या मूळ भूमीहून बराच विस्तृत होता. एन्दोवेल्लिकुसचे स्थान साँव मिगेल द मोता हे टॅगसच्या दक्षिणेस आलेन्तेजूत आहे. आताइसिनेचे लेखही मुख्यतः टॅगसच्या दक्षिणेकडील प्रदेशात सापडतात. नाबियाचा मारेकुश येथील प्रसिद्ध लेख दोरूच्या उत्तरेस, म्हणजे प्रांताच्याही बाहेर आहे. त्यामुळे ‘लुसितानी देवमंडळ’ म्हणून ज्यांची नावे सर्वप्रथम घेतली जातात, त्या देवतांचा लुसितानी समाजाशी असलेला संबंध गृहीत धरता येत नाही. प्रांताला समाज मानण्याची ही गल्लत नंतरच्या लोकप्रिय लेखनात अधिक वाढली, कारण राष्ट्राला प्राचीन पूर्वज हवे होते.

एन्दोवेल्लिकुसचे ऐंशीहून अधिक लेख ज्ञात आहेत. भक्तांमध्ये गुलाम आहेत, तसा सेक्स्तुस कोक्केइउस क्रातेरुस होनोरिनुस हा रोमन अश्वारोही वर्गातील गृहस्थही आहे. काही लेखांत दैवी आज्ञेचा निर्देश असल्याने कौल देणारा देव ही त्याची ओळख सयुक्तिक ठरते. मात्र ही श्रद्धा रोमनपूर्व काळात कशी होती, हे त्या लेखांवरून सिद्ध होत नाही.

व्युत्पत्तीचा मोह :
कावेसु दश फ्रागुअश येथील शिलालेख लुसितानी भाषेतील आहे. सर्वसामान्य वाचनानुसार त्यात त्रेबोपालेला मेंढी, लाएबोला डुक्कर, त्रेबारुनेला बहुधा एक वर्षाची मेंढी आणि रेवेला बैल अर्पण केल्याची नोंद आहे. इक्कोना लोइमिन्नेच्या अर्पणाचा अर्थ वादग्रस्त आहे. मेंढी, डुक्कर व बैल या त्रयीमुळे रोमन ‘सुओवेताउरिलिआ’ विधीची आठवण होते. जॉर्ज द्युमेझिल यांनी या रोमन विधीची तुलना वैदिक सौत्रामणीशी केली होती; तीत अश्विनांना बोकड, सरस्वतीला मेंढा व इंद्राला बैल अर्पण होतो. त्रेबोपालेचे नाव ऋग्वेदातील विश्पलेशी जोडण्याचाही प्रयत्न झाला आहे.

भारतीय वाचकास असे साम्य सुखावह वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नावाच्या घटकांतील साम्य म्हणजे देवतेच्या स्वरूपाचे साम्य नव्हे. युद्धात पाय गमावलेली आणि अश्विनांकडून धातूचा पाय मिळालेली विश्पला ऋग्वेदाच्या सूक्तांतून कळते. त्रेबोपालेची अशी एकही कथा नाही. रेवेचे उदाहरण अधिक बोलके आहे. काही भाषाशास्त्रज्ञ त्या नावाचा संबंध नदीच्या प्रवाहाशी जोडतात, तर काही आकाशदेवाच्या मूळ नावाशी. एकाच चार अक्षरी नावातून नदी आणि आकाश दोन्ही निघत असतील, तर व्युत्पत्ती ही देवतेचे कार्य ठरविण्याचे स्वतंत्र प्रमाण होऊ शकत नाही.

भक्तांचा आवाज :
या उलट भक्तांचे हेतू जेथे प्रत्यक्ष नोंदले गेले आहेत, तेथे पुरावा अधिक विश्वसनीय आहे. मेरिदा येथील एका लॅटिन लेखात आताइसिनेस प्रोसेर्पिना म्हणून संबोधून चोरीस गेलेल्या वस्त्रांची यादी दिली आहे : सहा अंगरखे, दोन तागाची प्रावरणे आणि अंतर्वस्त्र. चोराला शासन करावे अशी देवीची विनवणी आहे. मारेकुशच्या लेखात इ. स. १४७ मधील ९ एप्रिल ही तिथी आणि देवतानिहाय पशूंची नोंद आहे. पाताळाची देवी न्याय मागण्याचे ठिकाण होती आणि देवपूजेला निश्चित दिवस व हिशेब होता, एवढे या दोन लेखांवरून निःसंशय म्हणता येते.

निष्कर्ष :
लुसितानी धर्माच्या अभ्यासात नाव, स्थान, अर्पण आणि भक्त या चार बाबी प्रमाण मानाव्यात. कार्य व व्युत्पत्ती या अनुमानाच्या पातळीवर ठेवाव्यात. प्रांत आणि समाज यांतील भेद प्रत्येक विधानात पाळणे आवश्यक आहे. ‘अमुक देव अमुक गोष्टीचा’ हे सूत्र अध्यापनास सोयीचे असले तरी ज्यांच्या श्रद्धा आपण अभ्यासतो त्यांच्यावर ते अन्याय करते. अंगरखे चोरणाऱ्याला शासन व्हावे म्हणून देवीला साकडे घालणारी व्यक्ती कोणत्याही सूत्रापेक्षा त्या धर्माची अधिक खरी साक्षीदार आहे.