सव्वीस वर्षांची अट : अमेरिकेतील निर्धन तरुणांच्या आरोग्यसाहाय्याची चिकित्सा

अमेरिकेतील निर्धनांसाठी असलेली 'मेडिकेड' ही योजना १९६५ मध्ये अस्तित्वात आली. तिचा खर्च संघशासन व राज्ये मिळून उचलतात. पात्रतेचे निकष मात्र राज्यागणिक बदलतात. १९९६ पर्यंत शासनाकडून रोख साहाय्य घेणाऱ्या कुटुंबांना मेडिकेड आपोआप मिळत असे. त्या वर्षीच्या कायद्याने हा संबंध तोडला. तथापि साहाय्यास पात्र गरीब म्हणजे बालके, गरोदर स्त्रिया, अल्पवयीन मुलांचे पालक, वृद्ध व अपंग, ही जुनी धारणा टिकून राहिली. एकोणीस वर्षे पूर्ण केलेला, अपत्य नसलेला धडधाकट तरुण यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नव्हता.

२०१० च्या 'अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट'ने पालकांच्या विम्यात अपत्याला वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत सामावून घेण्याची तरतूद केली. या तरतुदीमागील गृहीतक तपासणे अगत्याचे आहे. ती खाजगी विम्याला लागू आहे. आईला नोकरीतून कुटुंबाचा विमा मिळत असेल तर मुलाला संरक्षण मिळते. आई स्वतः मेडिकेडवर असेल तर तिच्या पात्रतेचा एकवीस वर्षांच्या मुलाला काहीही उपयोग नाही. म्हणजे वाढीव वर्षांची ही सवलत ज्या घरात विमा आधीच आहे, तेथेच पोहोचते.

याच कायद्याने सव्वीस हाच आकडा आणखी एका ठिकाणी वापरला. 'फॉस्टर केअर'मध्ये, अर्थात शासकीय संगोपनात, असताना सज्ञान झालेल्या आणि त्या वेळी मेडिकेड असलेल्या तरुणांना २०१४ पासून सव्विसाव्या वर्षापर्यंत मेडिकेड मिळते. उत्पन्नाची अटही नाही. ज्यांचे पालकत्व शासनाने स्वीकारले, त्यांच्याबाबत शासनाने विमाधारक पालकासारखे वागावे, हा यातील विचार निःसंशय न्याय्य आहे. प्रश्न उरतो तो आई-वडील असलेल्या, पण विमा नसलेल्या घरातील तरुणांचा.

त्यांच्यासाठी कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्व प्रौढांना मेडिकेड देऊ केले होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने हा विस्तार राज्यांच्या इच्छेवर सोडला गेला आणि टेक्साससह काही राज्यांनी तो नाकारला. विमा खरेदीसाठीचे अनुदान दारिद्र्यरेषेपासून वरच्या उत्पन्नाला मिळते, कारण त्याखालील सर्वांना मेडिकेड मिळेल असे कायदेकर्त्यांनी गृहीत धरले होते. परिणामी अधिक मिळकत असलेल्याला अनुदान आणि कमी मिळकत असलेल्याला काहीच नाही, अशी विपरीत स्थिती निर्माण झाली.

टेक्सासमध्ये एकटा राहणारा, आठवड्याला वीस तास काम करणारा एखादा तरुण घ्यावा. ताशी ७.२५ डॉलर या किमान वेतनाने त्याची वार्षिक मिळकत ७,५४० डॉलर होते. २०२५ ची एका व्यक्तीची दारिद्र्यरेषा १५,६५० डॉलर होती. अन्नसाहाय्यासाठी तो पुरेसा गरीब ठरतो, औषधोपचारासाठी नाही.

२०२५ च्या संघीय कायद्याने विस्तारित मेडिकेडमधील प्रौढांना महिन्याला ऐंशी तास काम, शिक्षण वा समाजसेवा करण्याची अट घातली. तिच्या अंमलासाठी १ जानेवारी २०२७ ही मुदत कायद्यात नमूद आहे. फॉस्टर केअरमधील माजी तरुणांना त्यातून सूट आहे. श्रमाविना साहाय्य नको, असे या अटीचे समर्थन केले जाते. टेक्सासमधील उपरोक्त तरुण महिन्याला सरासरी शहाऐंशी तास काम करतो. अट त्याने पूर्ण केलेलीच आहे. त्याच्या राज्यात मेडिकेडच त्याच्यासाठी उपलब्ध नाही.