अंतर, जवळीक आणि प्रश्न : ‘गनस्मोक’ व ‘सामना’

प्रबळ आणि निर्ढावलेल्या मनुष्याकडे न्याय मागावयाचा, तर त्याच्यापासून किती अंतरावर उभे राहावे, हा प्रश्न वरवर पाहता शस्त्रविद्येचा वाटेल. परंतु तो भाषेचाही आहे. ‘गनस्मोक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेचा पहिला भाग आणि जब्बार पटेल यांचा ‘सामना’ हा मराठी चित्रपट शेजारी ठेवून पाहिले असता ही गोष्ट ध्यानात येते. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला, असे येथे सुचवावयाचे नाही. एकाच पेचाची दोन उत्तरे कशी भिन्न होतात, एवढेच पाहावयाचे आहे.

‘गनस्मोक’चा हा भाग 10 सप्टेंबर 1955 रोजी प्रथम दाखविला गेला. कॅन्सासमधील डॉज सिटीत डॅन ग्रॅट नावाचा पिस्तुलबाज येतो. मार्शल मॅट डिलन त्याला अटक करावयास जातो आणि गोळी लागून कोसळतो. अंथरुणावर पडल्यापडल्या त्याला शत्रूचे मर्म उमगते : ग्रॅटचा हात चपळ आहे, नेम अचूक नाही, म्हणून तो नेहमी अगदी जवळ येऊन लढतो. दुसऱ्या खेपेस डिलन त्याला जवळ येऊ देत नाही, आणि जिंकतो. अर्ध्या तासात नगर पूर्ववत् होते व पुढील भागासाठी मोकळे राहते. ही मालिका 635 भागांनंतर 1975 मध्ये संपली.

त्याच वर्षी ‘सामना’ बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता. विजय तेंडुलकरांच्या या पटकथेतही एक परका मनुष्य गावात येतो. परंतु श्रीराम लागूंनी उभा केलेला हा मास्तर म्हणजे दारूच्या आहारी गेलेला वृद्ध गांधीवादी आहे. साखर कारखान्याच्या जोरावर परिसरावर सत्ता गाजविणाऱ्या हिंदुराव धोंडे पाटलाच्या, म्हणजे निळू फुल्यांच्या, घरी तो राहतो आणि त्याचीच दारू पितो. डिलनला वाचविणारे अंतर मास्तरास उपलब्धच नाही. त्याच्यापाशी शस्त्र आहे ते एका प्रश्नाचे : मारुती कांबळेचे काय झाले?

या प्रश्नाचे सामर्थ्य त्याच्या वारंवारतेत आहे, असे सामान्यतः मानले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. त्याची रचनाही तितकीच महत्त्वाची आहे. ‘मारुतीला कोणी मारले?’ या वाक्यात कर्त्याची जागा आहे; ती भरणाऱ्याकडे पुरावा मागता येतो, आरोप नाकारता येतो. ‘होणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. ‘काय झाले’ या रचनेत मारणाऱ्यासाठी जागाच नाही. षष्ठीच्या आधाराने उभा राहतो तो केवळ मारुती. जेथे आरोप नाही तेथे नाकारण्यासारखेही काही नाही. उरतात दोनच मार्ग : सांगणे किंवा गप्प राहणे. आणि ज्या गावात सर्वांना ठाऊक असते, तेथे गप्प राहणे हेही एक प्रकारचे सांगणेच ठरते.

येथे एक आक्षेप संभवतो. कर्ता दडविणारी ही रचना सत्ताधाऱ्यांचीच आवडती नव्हे काय? ‘चूक झाली’, ‘दुर्लक्ष झाले’ ही वाक्ये कोणत्याही कचेरीत ऐकू येतात. आक्षेप योग्य आहे; किंबहुना प्रश्नाची धार त्यातच आहे. ज्या व्याकरणाच्या आडोशाने माणूस नाहीसा होतो, तेच व्याकरण मास्तर प्रश्नार्थक करतो. विधानात ‘झाले’ हा शब्द विषयावर पडदा टाकतो. प्रश्नात तोच शब्द पडदा दूर सारतो.

‘सामना’ या शीर्षकामुळे द्वंद्वाची अपेक्षा निर्माण होते. तथापि येथील द्वंद्व अंतर राखून खेळले जात नाही, आणि प्रश्न विचारणारा स्वतः निष्कलंक राहत नाही. ज्याचे अन्न त्यालाच प्रश्न, ही मास्तराची अडचण कोणत्याही मार्शलला पडत नाही. डॉज सिटीत ग्रॅट मेला की हिशेब पुरा होतो. हिंदुरावाचे साम्राज्य ढासळले तरी मारुती कांबळे परत येत नाही. म्हणूनच ‘गनस्मोक’चा तो भाग संपतो, तर मास्तराचा प्रश्न चित्रपटाबाहेर, ज्या ज्या गावात माणूस नुसता ‘नाहीसा होतो’ त्या त्या गावात, अद्याप विचारता येतो.