साबुदाण्याच्या गोळ्या आणि एक फादर

मढच्या आमच्या घरी कपाटावर होमिओपॅथीची पेटी असायची. आजीच्या भाषेत साबुदाण्याच्या गोळ्या. रात्री कुणाला ताप आला आणि वर्सोव्याची फेरीबोट बंद झालेली असली, की पेटी खाली उतरायची. म्हणून याच किनाऱ्यावर पार खाली, मंगळूरला, अशी औषधं बनवणाऱ्या फादर ऑगस्टस म्युलर यांची गोष्ट मी अधाशासारखी वाचली. आणि वैतागलो.

गोष्ट ठरलेली आहे. जर्मन जेझुइट, १८७८ साली मंगळूरला आले, १८८० पासून वडाखाली गरिबांना औषध देऊ लागले, १८९० मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आसरा, पुढे रुग्णालय, १९१० मध्ये मृत्यू. झाडापासून थेट इमारत. मधला औषधवाला गायब. ‘होमिओपॅथिक पुअर डिस्पेन्सरी’त औषधं तयार व्हायची, विकली जायची, तो भाग एका ओळीत उरकलेला.

का, ते उघड आहे. तिथे थांबलं तर बाटलीत काय होतं हे विचारावं लागतं. एक थेंब औषध, नव्व्याण्णव थेंब अल्कोहोल, जोरात हलवा. त्यातला एक थेंब घ्या, पुन्हा तेच. असं तीस वेळा केलं की ‘३०सी’. म्हणजे एकावर साठ शून्यांत एक भाग. बाराव्या वेळेच्या आसपासच मूळ पदार्थाचा एकही रेणू उरण्याची खात्री संपते. रेणूच्या आकाराचा अंदाज लोशमिटने १८६५ मध्येच मांडला होता, त्यामुळे हा प्रश्न फादरांच्या हयातीतही विचारता आला असता.

पण इथे मला शहाणपणा मिरवता येत नाही. त्या शतकात दुसरीकडे मिळायचं काय? कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, आणि रक्त काढणं. १८५४ च्या कॉलऱ्यात लंडनच्या होमिओपॅथिक रुग्णालयात सुमारे १६ टक्के रोगी दगावले, इतरत्र जवळपास निम्मे. बहुधा गोळ्यांनी कुणी वाचलं नसेल. विषारी औषधं पोटात गेली नाहीत, एवढंही पुरलं असेल. कंकनाडीत कुष्ठरोग्याला छप्पर मिळालं, कुणीतरी जवळ आलं. श्रेय मात्र बाटलीला.

हे मला लागतं, कारण आजीने एकदा चार दिवस याच गोळ्यांवर काढले. न्यूमोनिया निघाला. वाचली.

तेव्हा वडाचं झाड पुरे. मला फादरांचा जमाखर्च वाचायचाय: कुठल्या गावाला किती बाटल्या गेल्या, आणि तो पैसा कुणाच्या खाटेला लागला.