टाचणातली लोकशाही

मंडळी, आता बी.एड.च्या वर्गाकडे वळू. 2015 पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. 26 जानेवारी 2020 पासून राज्यातल्या शाळांत उद्देशिकेचं वाचनही सक्तीचं झालं. मग आपली तक्रार काय?

समजा, छात्राध्यापकाने टाचणात उद्दिष्ट लिहिलंय : 'विद्यार्थी समतेचे महत्त्व स्पष्ट करतो.' सराव पाठात एक मुलगी विचारते, 'सर, मग वर्ग झाडायला आम्हा मुलींनाच का सांगतात?' मागे निरीक्षक बसलेले, तास संपत आलेला. छात्राध्यापक म्हणतो, 'बस खाली, नंतर बघू.' पाठ वेळेत संपतो, गुणही चांगले पडतात. समता तेवढी टाचणातच राहते.

25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं, की सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर राजकीय लोकशाही टिकणार नाही. तो पाया घालायची एक जागा म्हणजे वर्ग. पण ज्याला दोन वर्षांत आपल्याच प्राध्यापकांना 'हे असं का?' असं विचारता आलं नाही, तो मुलांना काय विचारू देणार?

म्हणून आपण एवढंच मागू : पाठ निरीक्षणाच्या तक्त्यात एक रकाना वाढवा. मुलांनी काय विचारलं, आणि त्या प्रश्नाचं पुढे काय झालं?