पसाद, संवेदनाग्राही आणि डोळ्यांची जळजळ

बदलापुरातील हेंद्रेपाडा येथील एका धम्मवर्गात सळायतनाचे विवेचन चालू असता एका उपासिकेने आम्हांस विचारले, ‘‘कारखान्याच्या वायूने डोळे चुरचुरतात, तो चक्षूचा विषय की कायेचा?’’ प्रश्न केवळ ग्रंथातला नव्हता. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत वायुगळती झाली, तेव्हा परिसरातील लोकांना डोळ्यांची जळजळ व श्वसनाचा त्रास झाला होता. या निमित्ताने विसुद्धिमग्गातील इंद्रियविचाराची परीक्षा करण्याचे आम्ही योजिले आहे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी दिसणारे मांसमय इंद्रिय आणि त्यातील ग्रहणक्षम ‘पसाद’ यांत भेद केला. चक्षुपसाद उवेच्या डोक्याएवढा असून काळ्या बुबुळाच्या मध्यभागी असतो. कापसाच्या सात पदरांत तेल मुरावे तसा तो डोळ्याच्या पटलांत मुरलेला असतो, असे ते सांगतात. बाह्य अवयव म्हणजे इंद्रिय नव्हे, ही त्यांची दृष्टी मोलाची आहे.

तथापि, ‘पसाद म्हणजेच आधुनिक विज्ञानातील संवेदनाग्राही’ असे जे समीकरण अलीकडे व्याख्यानांतून मांडले जाते, ते आम्हांस मान्य नाही. प्रकाश ग्रहण करणाऱ्या दंडपेशी व शंकुपेशी डोळ्याच्या मागील बाजूस, दृष्टिपटलात असतात. प्रकाश पडताच त्यांतील रंजकद्रव्याचा रेणू आकार बदलतो व त्यातून विद्युत्-संदेश उत्पन्न होतो. विसुद्धिमग्गात यातले काही नाही. उलट चक्षू व श्रोत्र हे अप्राप्त, म्हणजे आपणापर्यंत न पोहोचलेल्या विषयाचे ग्रहण करतात, असे तेथे म्हटले आहे. प्रकाश दृष्टिपटलावर पडल्यावाचून दिसत नाही आणि ध्वनीची कंपने कानात शिरल्यावाचून ऐकू येत नाही, हे आज सिद्ध आहे. धम्मसंगणीत ‘कटुक’, म्हणजे तिखट, हा रसांत गणला आहे. परंतु मिरचीतील द्रव्य रुचिकलिकांतील रसग्राहींस नव्हे, तर उष्णता व वेदना ओळखणाऱ्या ग्राहीस चेतविते, हे डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले. या क्षेत्रातील कार्यासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक ज्युलियस यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळाले. आपली मराठी मात्र ‘मिरची झोंबते’ असेच म्हणत आली आहे.

आता उपासिकेच्या प्रश्नाकडे वळू. अट्ठकथांनुसार कायपसाद सर्व शरीरात पसरलेला असून डोळ्याच्या ठिकाणीही तो असतो. एकाच स्थानी असूनही चक्षू व काय यांची सरमिसळ होत नाही. म्हणून चुरचुरणे हा कायेचा विषय होय. येथे विज्ञानाचे उत्तर याच दिशेचे आहे: पारपटलात वेदनावाहक चेतातंतूंची दाट टोके असतात, क्षोभक वायू त्यांना चेतवितो आणि अश्रू वाहू लागतात. हा मेळ आनंददायक खरा. परंतु एका मेळावरून सर्वज्ञतेचा दावा करणे हा तर्कदोष आहे. ज्या ग्रंथाच्या चुका आपण पाहू इच्छित नाही, त्याचे यशही आपणांस नीट पाहता येत नाही.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. ‘वेदना अनित्य आहे, ती केवळ पाहावी,’ असा उपदेश त्याच वर्गात एकाने केला. आमच्या मते तो अपुरा आहे. डोळ्यांची जळजळ ही धोक्याची सूचना असते. नाकाची गोष्ट तर अधिक फसवी आहे. तोच वास सतत येत राहिला की घ्राणसंवेदना मंदावते. वास जाणवेनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली असे नव्हे. फस्सापासून वेदना उत्पन्न होते, असे प्रतीत्यसमुत्पाद शिकवितो. मग फस्सास कारण होणारा वायू कोठून येतो, हे विचारणेही त्याच विचारात बसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात दुःखाचे अस्तित्व मान्य करणे आणि ते दूर करणे यांनाच धम्माचा पाया मानले आहे.

तेव्हा त्या उपासिकेस आम्ही दिलेले उत्तर असे: चुरचुर कायेची आहे, तिचे कारण बाहेर आहे, आणि ते कारण दूर करण्याची मागणी करणे धम्मास धरूनच आहे.