डर्बी म्हणजे नुसता द्वेष?

फुटबॉलवर काहीतरी गंभीर वाचायचंय असं म्हणा, कुणी ना कुणी फ्रँकलिन फोरचं ‘हाऊ सॉकर एक्सप्लेन्स द वर्ल्ड’ सुचवतंच. पुस्तक २००४ चं. त्यातलं ग्लासगोवरचं प्रकरण मी दोनदा वाचलं. रेंजर्स प्रोटेस्टंटांचा, सेल्टिक आयरिश कॅथलिकांचा. १९८९ मध्ये रेंजर्सने मो जॉन्स्टनला घेतलं. तो कॅथलिक, वर सेल्टिकचा जुना गडी! रेंजर्सच्याच काही समर्थकांनी स्कार्फ जाळले. पुढे दोन्ही संघांत दोन्ही पंथांचे खेळाडू आले, स्टँडमधली गाणी मात्र बदलली नाहीत. फोर म्हणतो, जागतिकीकरणाने हा द्वेष पुसला नाही, कारण तो विकला जातो.

ग्लासगोपुरतं हे पटतं. पण हाच चष्मा घालून आपण कोलकात्याकडे बघायला लागतो, तिथे घोळ होतो.

मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल म्हटलं की ठरलेला मसाला तयार असतो: इथले मूळचे आणि पूर्व बंगालमधून आलेले, कोळंबी आणि हिलसा. मॅचच्या आदल्या दिवशी प्रत्येक चॅनेलवर मासे दिसतात. यातलं बरंचसं खरंही आहे, फक्त क्रम उलटा आहे. ईस्ट बंगाल १९२० साली निघाला तो संघनिवडीच्या भांडणातून. जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या खेळाडूला बसवलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी चिडून बाहेर पडले आणि नवा क्लब उभा राहिला. पूर्व बंगालच्या माणसाला डावललं, ही सल त्यात होतीच. पण फाळणी व्हायला अजून २७ वर्षं होती. नंतर घरदार सोडून आलेल्या लाखो लोकांना या शहरात आपलं म्हणावं असं काहीतरी हवं होतं आणि ते आधीच लाल-पिवळ्या जर्सीत तयार होतं. म्हणजे द्वेषातून क्लब जन्मला नाही. क्लब आधी होता, दुःख त्याच्याकडे चालत आलं. फोरच्या मांडणीत या शक्यतेला जागा नाही.

याचा अर्थ कोलकात्याची डर्बी गोड आहे असा नाही. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच सामन्यात दंगल आणि चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक मेले. हे सांगितल्याशिवाय या सामन्यावर प्रेमाने लिहिणं खोटेपणा ठरेल.

पण विकण्याचा मुद्दा बघा. २७ नोव्हेंबर २०२० ला आयएसएलमधली पहिली कोलकाता डर्बी झाली, ती आपल्या शेजारी गोव्यात, वास्कोच्या टिळक मैदानावर. कोविडमुळे खुर्च्या रिकाम्या. मोहन बागान २-० ने जिंकला, तोही ‘एटीके मोहन बागान’ या जोडनावाने. विकायला लागतं ते सगळं होतं: कॅमेरे, जाहिराती, ‘महामुकाबला’ म्हणून ओरडणारे समालोचक. तरी ती मॅच सरावासारखी वाटत होती. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. ईर्ष्या शेजाऱ्याशी असते, आणि शेजारी समोर लागतो.

तो किती लागतो, ते १८ ऑगस्ट २०२४ ला दिसलं. आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवरच्या बलात्कार आणि हत्येने शहर पेटलं होतं. ड्युरँड कपमधली डर्बी पुरेसा बंदोबस्त देता येणार नाही म्हणून रद्द झाली. दोन्ही क्लबांचे समर्थक तरीही सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले, मोहमेडन स्पोर्टिंगचेही आले. लाल-पिवळे आणि हिरवे-मरून झेंडे एकाच रस्त्यावर, एकाच मागणीसाठी. मॅचसाठी न मिळालेले पोलीस इथे मात्र भरपूर होते, आणि लाठ्या चालल्या.

न झालेल्या मॅचचा एकेक गुण दोन्ही संघांना देण्यात आला.