पाहुणा आणि प्रेक्षक

धनिकाच्या घरचा कलासंग्रह पाहायला जायचे म्हणजे आधी ओळख लागते. कुणाची तरी चिठ्ठी, ठरवून घेतलेली वेळ, दिवाणखान्यातला चहा आणि मग यजमानांच्या पाठोपाठ चित्रांसमोरून फिरणे. ते थांबतील तिथे आपण थांबायचे. त्यांच्या अगत्याविषयी शंका नाही. पण ज्याचा चहा घेतला त्याच्याच भिंतीवरचे चित्र सुमार आहे, असे म्हणायला जीभ रेटत नाही. पाहुणा दाद देतो. पारख करीत नाही.

म्हणून संग्राहकाने काय जमवले याइतकेच, ते कुणाला आणि कोणत्या नात्याने पाहू दिले, हेही विचारले पाहिजे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी राजे होते, स्वतः चित्रकार होते. त्यांनी आपला संग्रह वाड्यात न ठेवता १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे शिल्प असलेला हा संग्रह देवीच्या दर्शनाला आलेला यात्रेकरूही पाहू शकतो. पुण्याचे दिनकर केळकर तर धनिकही नव्हते. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिलेला आपला संग्रह त्यांनी १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला.

खाजगी भेटीत काही सुख असते, हे मान्य केले पाहिजे. तिथे गर्दी नसते, आणि वस्तू कशी हाती आली याची हकीकत संग्राहकाच्याच तोंडून ऐकायला मिळते. संग्रहालयातली चिठ्ठी तेवढी बोलकी नसते. पण ही हकीकत ऐकता ऐकता आपण वस्तूऐवजी तिच्या मालकालाच पाहू लागतो.

भीमाशंकरच्या वाटेवरच्या तळेघरची एखादी बाई घोडेगाव, मंचर करीत पुण्याला आली, तर बंगल्यातल्या संग्रहासाठी तिला चिठ्ठी कोण देणार? केळकर संग्रहालयात मात्र ती तिकीट काढून समया, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी यांच्यासमोर उभी राहू शकते. ‘नक्षी झकास, पण हा अडकित्ता हाताला जड जाईल,’ असे ती सहज म्हणून जाईल. हा अभिप्राय वापरणाऱ्या हाताचा आहे. रूप आणि उपयोग यांचा मेळ तो एका वाक्यात तपासतो. तो देताना तिला कुणाची भीड नसते, कारण ती कुणाची पाहुणी नसते. तिच्यासाठी दार उघडेपर्यंत संग्रहाची खरी समीक्षा सुरूच होत नाही.